कोविड महामारीच्या काळातली आमची पॅरिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान न्यू जर्सीतल्या आमच्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन) पॅरिशमधील मराठी कुटुंबांसाठी आहे. इंग्रजी पत्रक दर गुरुवारी सगळ्यांना जाते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते समजावून सांगताना तेच ते प्रश्न निघतात, असे बऱ्याच जणांकडून कानावर आले. म्हणून ते सगळे इथे मराठीत एकत्र केले आहेत. माहिती फेब्रुवारी २०२१च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतची आहे. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरपर्यंतचे कार्यक्रमही यातच सापडतील.

चर्च सध्या उघडे आहे की बंद?

रविवारची उपासना देवालयात भरत नाही, ती झूमवर होते. बाकी बरेच काही चालू आहे: शनिवारचे धान्यवाटप, रविवारी दुपारी गाडीच्या खिडकीपाशी दिले जाणारे प्रभुभोजन, आजाऱ्यांना रोजचे फोन, आणि वेळ ठरवून एकेका कुटुंबासाठी प्रार्थनेला उघडले जाणारे देवालय. शेवटच्या सोयीचा फायदा फार थोडे लोक घेतात. ज्यांना वेदीसमोर पंधरा मिनिटे शांत बसायचे असेल त्यांनी ऑफिसला आदल्या दिवशी कळवावे. दार उघडून मिळेल आणि आत दुसरे कुणी नसेल.

गेल्या शरदात हिरवळीवर खुर्च्या टाकून उपासना झाल्या होत्या. थँक्सगिव्हिंगनंतर रुग्ण वाढले तेव्हा त्या थांबवल्या. थंडी ओसरली आणि आकडे उतरले की पुन्हा तिथूनच सुरुवात करू.

शेजारच्या गावातले चर्च उघडले आहे. आपलेच का नाही? हे ठरवते कोण?

बिशपांनी आखून दिलेल्या मर्यादेत राहून आमच्या पाळकबाई (इथला शब्द रेक्टर) आणि वेस्ट्री मिळून ठरवतात. वेस्ट्री म्हणजे मंडळीने निवडून दिलेली कार्यकारिणी, आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीसारखी. मार्च २०२०च्या मध्यावर अध्यक्ष बिशप मायकल करी यांनी सार्वजनिक उपासना थांबवण्याविषयी पत्र काढले आणि त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर देशभरातल्या एपिस्कोपल चर्चमध्ये रिकाम्या बाकांसमोर झाला. त्यानंतर मात्र प्रत्येक बिशपप्रांताने आपापल्या भागातली परिस्थिती पाहून निर्णय घेतले आहेत.

वेस्ट्रीच्या बैठकीत दर वेळी एकच प्रश्न आधी विचारला जातो: दार उघडले तर येऊ न शकणारे कोण? आपल्या पहिल्या तीन रांगांत बसणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. दार उघडले की तरुण कुटुंबे आत येतील, आणि ज्यांनी हे चर्च उभे ठेवले ते घरी बसून पाहतील. हे आम्हाला पटत नाही.

भीतीही काल्पनिक नाही. वॉशिंग्टन शहरातला पहिला निदान झालेला रुग्ण जॉर्जटाऊनच्या ख्राइस्ट चर्च या एपिस्कोपल चर्चचा रेक्टर होता. तिथे उपासनेला आलेल्या शेकडो लोकांना घरात अलग राहायला सांगावे लागले. जानेवारीत देशातल्या मृतांचा आकडा चार लाखांवर गेला, तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलने आपली मोठी घंटा चारशे वेळा वाजवली, दर हजार मृतांमागे एक टोला. ज्यांनी ते टोले शेवटपर्यंत ऐकले ते दार लवकर उघडा म्हणून घाई करत नाहीत.

रविवारच्या उपासनेची वेळ कोणती? भारतातल्या नातेवाइकांनी किती वाजता जोडून घ्यायचे?

इथे सकाळी १० वाजता. पुण्याला, नगरला तेव्हा रात्रीचे ८.३० वाजलेले असतात. १४ मार्चला इथली घड्याळे एक तास पुढे जातील, त्या दिवसापासून भारतात ७.३० ही वेळ धरावी. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी प्रभुभोजनाची उपासना असते, इतर रविवारी प्रार्थनापुस्तकातली प्रातःप्रार्थना. लिंक पत्रकात असते. ती फेसबुकवर टाकू नका, कारण बाहेरचे लोक घुसून उपासना उधळल्याचे प्रकार अनेक ठिकाणी झाले आहेत. नातेवाइकांना व्यक्तिशः पाठवायला हरकत नाही.

आमच्या आईला झूम जमत नाही. तिने काय करायचे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

झूमच्या उपासनेला साध्या फोनवरूनही येता येते, अगदी जुन्या लँडलाइनवरूनही. पत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात फोन नंबर आणि बैठकीचा क्रमांक छापलेला असतो. नंबर फिरवायचा, विचारल्यावर बैठकीचा क्रमांक दाबायचा, शेवटी चौकटीचे चिन्ह दाबायचे. बोलायचे असेल तर स्टार आणि ६. पुन्हा गप्प करायचे असेल तरी तेच. उपासना सुरू होण्याआधी दहा मिनिटे पाळकबाई फोनवरून आलेल्यांची नावे घेऊन सलाम करतात. पडद्यावर त्यांचा चेहरा नसतो, फक्त आकडे दिसतात, म्हणून हा नेम त्यांनी मुद्दाम ठेवला आहे.

हेही जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे. आपल्या मराठी गटातील चौघीजणी रोज संध्याकाळी ठरलेल्या घरी फोन करतात. एक स्तोत्र, एक लहान प्रार्थना, मग गप्पा. स्तोत्र जुन्या मराठी भाषांतरातले वाचतात, कारण आजींना पाठ असते तेच. एका मावशींकडे तेविसावे स्तोत्र लावले की त्या फोन धरणारीच्या पुढे निघून जातात आणि शेवटी आमेन म्हणून मगच थांबतात. नव्वदीतल्या एका काकांना प्रार्थना नको असते, त्यांना फक्त नगरच्या मंडळीतल्या कोणाची काय बातमी ते ऐकायचे असते. तेही आम्ही सांगतो.

आपल्या घरातल्या कुणाचे नाव या यादीत हवे असेल तर ऑफिसला कळवा. यादी भरली असे कधी होणार नाही.

पडद्यासमोर स्वतःची भाकर आणि द्राक्षरस ठेवून प्रभुभोजन घेतले तर चालेल का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनातली ओढ आम्हाला समजते. पश्चिम लुइझियानाच्या बिशपांनी एप्रिल २०२०मध्ये अशी परवानगी देऊनही पाहिली होती. अध्यक्ष बिशपांशी बोलणे झाल्यावर त्यांनी ती मागे घेतली. एपिस्कोपल चर्चच्या समजुतीप्रमाणे प्रभुभोजन म्हणजे एका मेजाभोवती जमलेल्या मंडळीने केलेली कृती. ते मेज दूर असेल तर आपण त्याची वाट पाहतो, प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात निराळे मेज मांडत नाही.

पण वाट पाहणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही असेही नाही. प्रार्थनापुस्तकात आजाऱ्यांच्या विधीत स्पष्ट सूचना आहे: एखाद्याला प्रभुभोजन घ्यायची इच्छा आहे, पण आजारामुळे त्याला खाणेपिणे शक्य नाही, तर पाळकाने त्याला खात्री द्यावी की प्रभुभोजनाचे सर्व लाभ त्याला मिळाले आहेत, जरी त्याने तोंडाने काही घेतले नाही तरी. ही सूचना महामारीच्या कितीतरी आधीची आहे. झूमवर प्रभुभोजनाच्या वेळी आपण जी प्रार्थना एकत्र म्हणतो ती याच विश्वासावर उभी आहे.

मग गाडीपाशी मिळते ते काय असते?

पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळच्या उपासनेत वेदीवर अभिषिक्त झालेली भाकर. वेदीची सेवा करणाऱ्या भगिनी हातमोजे आणि मास्क घालून प्रत्येक पापडी छोट्या कागदी पाकिटात ठेवतात. साडेअकरा ते साडेबारा या वेळात पार्किंगमध्ये या, काच खाली करा, पाकीट थाळीतून स्वतः उचला. मास्क काढायचा तो पाळकबाई दोन पावले मागे सरकल्यावरच. पाकीट घरी न नेता तिथेच ग्रहण करावे, अशी विनंती आहे. घरी अंथरुणावर असलेल्यांसाठी डीकन (पाळकबाईंचे दीक्षित सहायक) स्वतः येतात, दारात उभे राहून प्रार्थना करतात आणि पाकीट देतात.

प्याला मात्र नाही. एकाच प्याल्यातून पिण्याची आपली रीत किती प्रिय आहे ते वेगळे सांगायला नको, पण सध्या तो फक्त पाळकबाई घेतात. दोन घटकांपैकी एकच घेतला तरी प्रभुभोजन पूर्ण होते, ही मंडळीची जुनी शिकवण आहे. भाकर द्राक्षरसात बुडवून घेऊ का, असे काही जण विचारतात. नको, बोटे रसाला लागतात.

निदान मास्क घालून गाऊ तरी द्या!

सर्वांत जास्त तक्रारी याविषयीच आहेत, आणि त्यामागचे दुःख खरे आहे. मराठी माणसाची उपासना पेटी-तबल्याशिवाय अळणी लागते.

पण वॉशिंग्टन राज्यात माऊंट व्हर्नन इथे १० मार्च २०२० रोजी काय घडले ते लक्षात घ्या. तिथल्या एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते, त्यांतल्या एकाला आधीपासून सर्दीसारखी लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत बाकीच्यांपैकी ५२ जण आजारी पडले. दोघे गेले. ही माणसे निष्काळजी नव्हती. मास्क घाला असे तेव्हा कोणी सांगत नव्हते, आणि जे माहीत होते ती काळजी त्यांनी घेतली होती. गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, त्यात बंद खोली आणि लांब चाललेला सराव. विषाणूला याहून काही लागत नाही.

झूमवर सगळ्यांनी एकदम गायले तर आवाज मागेपुढे होतात आणि नुसता गोंधळ ऐकू येतो. म्हणून एकाच घराचा माईक चालू राहील आणि बाकीच्यांनी आपल्या घरात मोकळ्या गळ्याने गावे. गाणारे घर दर आठवड्याला बदलते. आपल्या घरी पेटी असेल तर नाव द्या.

साथीच्या काळात पूर्वीचे ख्रिस्ती लोक रोग्यांमध्ये गेले. आपण पडद्यामागे का बसलो आहोत?

हा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी अगदी कळकळीने विचारला. त्याचे उत्तर आम्हीही बरेच दिवस शोधत होतो.

१८७८ साली टेनेसीतल्या मेम्फिस शहरात पीतज्वर पसरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. सेंट मेरीज कॅथीड्रलच्या आवारात राहणाऱ्या सिस्टर कॉन्स्टन्स आणि त्यांच्या सोबतिणी थांबल्या, घराघरांत जाऊन रोग्यांची शुश्रूषा केली, अनाथ पोरे गोळा केली. ९ सप्टेंबरला कॉन्स्टन्स गेल्या. त्यांच्या मागून सोबतिणी आणि पाळकही गेले. त्या साथीत शहरातले पाच हजारांहून अधिक लोक मेले. एपिस्कोपल चर्च दर वर्षी ९ सप्टेंबरला त्यांचे स्मरण करते.

त्याच्याही आधी, १७९३मध्ये फिलाडेल्फियात हाच ज्वर आला, तेव्हा ॲबसलोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी शहरातल्या कृष्णवर्णीय बांधवांना संघटित करून रोग्यांची सेवा केली आणि प्रेते पुरली. जोन्स पुढे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाळक झाले. त्यांचा स्मृतिदिन १३ फेब्रुवारी, म्हणजे या शनिवारी आहे. संध्याकाळी ७ वाजता झूमवर छोटी प्रार्थना ठेवली आहे. आपल्याला या प्रसंगी १८९७च्या प्लेगमधल्या सावित्रीबाई फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. रोग्यांची सेवा करता करताच १० मार्चला त्या गेल्या.

आता फरक पाहा. पीतज्वर डासांमुळे पसरतो. तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हते, पण सिस्टर कॉन्स्टन्स रोग्याच्या उशाशी बसल्या म्हणून ज्वर पुढच्या घरी गेला, असे झाले नाही. त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला, दुसऱ्याचा नाही. कोविडमध्ये भेटायला जाणाराच रोग घेऊन जाऊ शकतो, तेही त्याला स्वतःला काही होत नसताना. म्हणून आजची शूर माणसे वेगळ्या ठिकाणी आहेत. आपल्या मंडळीतल्या दोन परिचारिका गेले वर्षभर कोविड वॉर्डात काम करत आहेत आणि घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी गॅरेजमध्ये कपडे बदलत आहेत. त्यांच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करतो, आणि त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा डबा जातो.

राखेच्या बुधवारी (१७ फेब्रुवारी) काय आहे?

पाळकबाई यंदा बोटाने कपाळावर क्रूस काढणार नाहीत. राख छोट्या झाकणाच्या डबीत घालून पाकिटातून दिली जाईल. बुधवारी सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळात पार्किंगमध्ये या. संध्याकाळी ७.३०च्या झूम उपासनेत घरातल्यांनी एकमेकांच्या कपाळावर क्रूस काढायचा आणि ‘तू माती आहेस आणि मातीस परत मिळशील’ हे शब्द म्हणायचे. एकटे राहणाऱ्यांनी आपल्याच हाताने काढावा. त्या वेळी पाळकबाई त्यांचे नाव घेऊन ते शब्द म्हणतील, म्हणून आधी नाव कळवा.

राख कुठून आली हे मुलांना जरूर सांगा. नेहमीप्रमाणे ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची आहे. पण गेल्या वर्षीच्या झावळ्या कुणाच्या हातात पडल्याच नाहीत. खोके आले तेव्हा चर्च बंद झाले होते. पाळकबाईंनी रिकाम्या देवालयात त्यांना आशीर्वाद दिला आणि त्या वस्त्रघरातल्या कपाटावर वर्षभर वाळत राहिल्या. गेल्या शनिवारी मागच्या अंगणात त्या जाळल्या. ‘होसान्ना’ न म्हणता राख झालेल्या त्या झावळ्या यंदा आपल्या कपाळी लागणार आहेत.

उपवासकाळातले मराठी कार्यक्रम?

१९ फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी संध्याकाळी ८ वाजता झूमवर मराठी प्रार्थना आणि मार्ककृत शुभवर्तमानाचे वाचन. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नाही. वाचायला मुले पुढे आली तर फार आनंद होईल. अक्षरे जुळवत वाचली तरी थांबायला आमची तयारी आहे.

पवित्र आठवडा आणि ईस्टर?

झावळ्यांचा रविवार २८ मार्चला. झावळ्या शनिवारी धान्यवाटपाच्या वेळी घेऊन जा, रविवारी दारावर लावा. १ एप्रिलच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी होणार नाही. उत्तम शुक्रवारी, २ एप्रिलला, दुपारी १२ ते ३ झूमवर, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी दोन मराठीत. ४ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार. हवा बरी असेल तर सकाळी ६.३०ला हिरवळीवर उपासना करायचे ठरत आहे: मास्क, सहा फुटांचे अंतर, आधी नावनोंदणी. बिशपांची परवानगी आल्यावर पक्के कळवू. परवानगी मिळाली नाही तर १० वाजता नेहमीप्रमाणे झूम.

आम्ही सीएनआयचे. इथले प्रभुभोजन आम्हाला चालते का? मेथॉडिस्ट किंवा कॅथलिक असलो तर?

सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाले, तेव्हा भारतातले अँग्लिकन चर्च त्यात सामील झाले. सीएनआय आणि एपिस्कोपल चर्च यांची पूर्ण सहभागिता आहे. तुमचा बाप्तिस्मा, तुमचे दृढीकरण इथे जसेच्या तसे मानले जाते. ज्यांचे बालपण पुण्यात पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयात गेले त्यांना तर इथली वेदी आणि झगे ओळखीचेच वाटतील. मेथॉडिस्ट किंवा अन्य कुठल्याही मंडळीत बाप्तिस्मा झालेल्यांनाही इथे प्रभुभोजन दिले जाते. कॅथलिकांना आमच्या बाजूने अडकाठी नाही, पण त्यांच्या चर्चचा नियम वेगळा आहे, तेव्हा आपल्या फादरना विचारून घ्यावे.

लसीसाठी मदत मिळेल का?

हो. न्यू जर्सीत १४ जानेवारीपासून ६५ वर्षांवरील सर्वांना आणि काही आजार असलेल्या लहान वयाच्या लोकांनाही लस घेता येते. अडचण वेळ मिळण्याची आहे. संकेतस्थळावर जागा दिसतात आणि बघता बघता भरतात. आपली कॉलेजातली मुले रात्री उशिरापर्यंत जागून वडीलधाऱ्यांसाठी नोंदणी करून देतात. नाव, जन्मतारीख आणि सोयीचे दिवस ऑफिसला कळवा. न्यायला-आणायला गाडीही मिळेल: मास्क, उघड्या काचा, मागच्या सीटवर एकच जण. दुसरा डोस फायझरचा २१ दिवसांनी, मॉडर्नाचा २८ दिवसांनी असतो. ती तारीख आम्ही लिहून ठेवतो. लसीच्या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका, त्यावर जन्मतारीख असते.

लस घेतली तरी सध्या मास्क आणि अंतर पाळायचेच आहे.

भारतात घरचे कुणी गेले आणि जाता आले नाही, तर?

कळवा, कोणत्याही वेळी. पाळकबाई त्याच दिवशी फोन करतात. इथे झूमवर स्मरण-उपासना ठेवता येते, तिकडच्या नातेवाइकांना जोडून घेता येते, तिकडचे पाळकही वाचन करू शकतात. गेल्या वर्षी आपल्यातल्या कितीतरी जणांनी आईवडिलांची माती फोनच्या पडद्यावर पाहिली. त्या दुःखाची बरोबरी कोणत्याही उपासनेने होत नाही, पण ते एकट्याने सोसावे लागू नये एवढे आम्ही नक्की पाहू. इथे दफनविधी असेल तर कबरीपाशी दहा जण, बाकीचे झूमवर. पुढे सगळे जमू शकलो की देवालयात पुन्हा उपासना करायची, असे प्रत्येक कुटुंबाशी बोलून ठेवले आहे.

बाप्तिस्मा, लग्न, दृढीकरण?

बाप्तिस्मा होतो, फक्त घरच्यांसह. धर्ममातापिता झूमवर असले तरी चालते. लग्नासाठी पाळकबाईंशी बोला. दृढीकरण बिशपांची भेट ठरेपर्यंत पुढे ढकलले आहे.

दान कसे पाठवायचे? नोकरी गेली आहे, वचन दिलेली रक्कम देता येत नाही.

चेक टपालाने, किंवा पत्रकातल्या लिंकवरून. दुसऱ्या गोष्टीसाठी एक फोन पुरेसा आहे. वचन कमी करा किंवा थांबवा, कारण विचारले जाणार नाही. उलट तुमच्याच घरी भाडे किंवा विजेचे बिल थकले असेल तर पाळकबाईंकडे त्यासाठी वेगळा निधी असतो. कुणाला मदत दिली हे वेस्ट्रीलाही कळत नाही.

पुन्हा सगळे एकत्र कधी बसणार?

तारीख कुणीच देऊ शकत नाही. एपिस्कोपल चर्चचे त्रैवार्षिक महाअधिवेशन या जुलैत बाल्टिमोरला भरायचे होते, तेही २०२२वर गेले आहे. आपली पायरी ठरलेली आहे: आधी हिरवळ, मग खिडक्या उघड्या ठेवून मोजक्या लोकांची उपासना. देवालय उघडल्यावरही फोन आणि झूम बंद होणार नाहीत, हे वेस्ट्रीने आत्ताच ठरवून टाकले आहे.

मला मदत करायची आहे. कुठून सुरुवात करू?

शनिवारच्या धान्यवाटपाला सकाळी ८ वाजता हात लागतात. पिशव्या आधी भरून ठेवतो, लोक गाडीतच बसून राहतात आणि पिशवी डिकीत ठेवायची असते, त्यामुळे जवळ जावे लागत नाही. तांदूळ, तूरडाळ, तेल आणि डायपर सध्या सर्वांत लवकर संपतात. संध्याकाळच्या फोनसाठी मराठी बोलणारे आणखी दोघेतिघे हवे आहेत. आणि येत्या मंगळवारी, १६ तारखेला, दुपारी ३ वाजता पॅरिश हॉलच्या ओट्यावर राखेच्या डब्या भरायला दोन जण हवे आहेत. गरम कपडे घालून या.